मुलाखती उतरवायच्या कोणी?



यंदा आपल्या वर्गाने ‘आजी-आजोबांची मुलाखत’ हा उपक्रम घेतला आहे. मुलांनी अर्धा तास प्रश्न विचारायचे, बोलणे फोनवर मुद्रित करायचे आणि मग ऐकून ऐकून वहीत उतरवायचे. मागच्या पालकसभेत एक रास्त प्रश्न आला : हल्ली बोलणे ऐकून आपोआप मजकूर तयार करणारी सॉफ्टवेअर आहेत, मग मुलांना ही कारकुनी कशाला? मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच लिहितो, म्हणून तपासणीचे काम माझ्या गळ्यात पडले. तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. नावे मुद्दाम देत नाही. नवी आवृत्ती आली की माझा निकाल शिळा होणार.

परीक्षेसाठी घेतली माझ्या सासूबाईंची मुलाखत. त्या बीड जिल्ह्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि खडी फोडायच्या कामावर जात. मुलाखतीत त्या म्हणतात, “आमी मिलोच्या भाकरी खाल्ल्या.” मिलो म्हणजे तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. पहिल्या सॉफ्टवेअरने लिहिले, ‘मिळूच्या भाकरी’. दुसऱ्याने लिहिले, ‘आम्ही मिळून भाकरी खाल्ल्या’. वाक्य इतके सफाईदार, की चूक आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये. तिसऱ्याने मिलो बरोबर ओळखले, पण ‘आमी’चे ‘आम्ही’ आणि ‘व्हतं’चे ‘होतं’ करून आजींना पुण्याला नेऊन बसवले!

माझ्या मुलाने ऐकून लिहिले तेव्हा त्याचीही चूक झाली. त्याने ‘माइलो’ लिहिले. इथल्या प्रत्येक कोपीटियममध्ये मिळतो तो माइलोच त्याला ठाऊक. पण त्याला प्रश्न पडला आणि त्याने फोन लावला. “आजी, तू माइलोची भाकरी खायचीस?” सासूबाई आधी पोट धरून हसल्या. मग ती लाल भाकरी कशी घशाखाली उतरत नसे, कामावर सुकडी कशी वाटत, धाकट्या भावासाठी ती पदरात बांधून कशी आणायची, हे वीस मिनिटे सांगत राहिल्या. मूळ मुलाखतीत यातले काहीच नव्हते. लग्नाला सोळा वर्षे झाली, मलाही हे माहीत नव्हते.

आता थोडे तांत्रिक. अशा सॉफ्टवेअरला गुण देताना शंभर शब्दांत किती चुकले ते मोजतात. मराठीत हा हिशेब फसवा आहे. ‘शेतामध्ये’ ऐवजी ‘शेता मध्ये’ असे तोडून लिहिले तर दोन चुका धरल्या जातात, अर्थ मात्र तोच. उलट “मुकादमानं पैसे दिले न्हाईत” यातले ‘न्हाईत’ गाळले तर चूक एकच, आणि मुकादम सज्जन ठरतो. त्यापुढची गंमत ऐका. २०२२ मध्ये आलेल्या ‘व्हिस्पर’ या गाजलेल्या प्रणालीसोबत, तुलनेआधी मजकूर साफ करणारी एक आज्ञावली मिळते. इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी जी आहे, ती विरामचिन्हांबरोबर देवनागरीचे काना, मात्रा, वेलांट्याही चिन्हे समजून पुसते. ‘मुली’ आणि ‘मेले’ या दोन्हींचे उरते ‘म ल’. मग चुका कमी दिसल्या तर नवल काय! २०२४ मधल्या एका शोधनिबंधाने यावर बोट ठेवले आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांना असेही आढळले, की ही प्रणाली शंभरातल्या साधारण एका तुकड्यात कोणी न बोललेली वाक्ये घालते, आणि बोलणारा मध्ये बराच वेळ थांबत असेल तर जास्तच. आपली वडीलधारी मंडळी किती थांबत थांबत बोलतात, ते आपण जाणतोच.

यात दुष्टावा कोणाचा नाही. व्हिस्परला शिकवलेल्या ६,८०,००० तासांपैकी इंग्रजी सोडून ९६ भाषांच्या वाट्याला १,१७,००० तास आले. सिंगापूरच्या शाळांतही तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषा घेता येतात, मराठी नाही. म्हणून तर आपण शनिवारी इथे जमतो.

यंत्र टाकून द्या असे मी म्हणत नाही. कोणाकडे काकांचे तीन तासांचे ध्वनिमुद्रण असेल, तर कुठला विषय कितव्या मिनिटाला आला हे शोधायला ते उत्तम आहे. पण शाळकरी मुलाने आधी निदान दहा मिनिटे स्वतः उतरवावीत, आजी बोलली तशीच, ‘व्हतं’ला ‘व्हतं’ लिहून. मग हवे तर यंत्राचा मजकूर शेजारी ठेवून दोघांच्या चुका काढाव्यात. माझ्या मुलाला त्यात भलताच आनंद झाला. आणि आजीचा आवाज परक्या कंपनीच्या संगणकावर चढवण्याआधी तिला विचारावे. सासूबाईंना विचारायचे मी विसरलो होतो आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. मूळ ध्वनिमुद्रण पुसू नये.

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन थांबेन. ज्यांना दोन्ही मजकूर ताडून पाहायचे असतील त्यांनी मुलाखत आणि मुलाची वही घेऊन यावे. हेडफोन आपापले आणावेत.