फुकटचा मंत्र

कल्पनारम्य युद्धाच्या टेबलावरील खेळांविषयी साहित्यचर्चेच्या पानावर लिहिणे हा निव्वळ आगाऊपणा आहे, असे मानणारे वाचक आमच्या परिचयाचे आहेत. नियमपुस्तिका ही रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वापरण्याची वस्तू, वाचण्याची नव्हे, असे त्यांचे म्हणणे. दुसरीकडे हे खेळ हौसेने खेळणाऱ्यांचेही एक लाडके मत आहे: नियम जितका सैल, तितकी कथा मोकळी. ही दोन मते वरवर परस्परविरोधी दिसतात. पण नियम कथेच्या बाहेर असतो, हा एकच गैरसमज दोहोंच्या मुळाशी आहे. तो खोडून काढण्यासाठी आम्ही एक लहानसा, तांत्रिक वाटणारा प्रश्न निवडला आहे. एकाच पाळीत एकाच पात्राने मंत्रही म्हणावा आणि तलवारही चालवावी काय? आणि चालवली, तर त्याबद्दल त्याने काय मोजावे?

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो जग आणि शत्रू सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात आणि निर्णय घेतात. लढाई जुंपली की काळ फेऱ्यांत मोजला जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही फेरी सहा सेकंदांची आहे. फेरीत प्रत्येकाला एक पाळी मिळते, पाळीत मोजक्याच कृती करता येतात, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

आमच्या मते ही पाळी म्हणजे मात्रांनी बांधलेला चरण आहे. चरणात अमुकच मात्रा बसतात, म्हणून कवीला शब्द निवडावा लागतो. पाळीत अमुकच कृती बसतात, म्हणून पात्राला निवडावे लागते, आणि पात्राचा स्वभाव दिसतो तो या निवडीतूनच. जो एकाच दमात सर्व काही करू शकतो, त्याच्याविषयी आपल्याला त्याच्या सामर्थ्यापलीकडे काहीही कळत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा ही निवड अत्यंत कठोर होती. मांत्रिकाला खंजिराखेरीज शस्त्र नाही. एल्फ जातीच्या पात्राला योद्धा आणि मांत्रिक असे दोन्ही होता येई. परंतु भूमिका बदलायची ती दोन मोहिमांच्या मध्ये, एका खेळाच्या ओघात नव्हे. १९८१ च्या प्राथमिक संचात एल्फ दोन्ही विद्या एकत्र बाळगतो, पण दुसरी पातळी गाठण्यास योद्ध्याला २,००० अनुभवगुण लागत असताना एल्फला ४,००० लागतात. त्याच वर्षीच्या ‘फीन्ड फोलिओ’ या राक्षसकोशात गिथयांकी नावाच्या जमातीतील योद्धा-मांत्रिकांना ‘गिश’ म्हटले गेले. मंत्र आणि शस्त्र एकत्र वापरणाऱ्या कोणत्याही पात्राला खेळाडू आज याच नावाने ओळखतात. तिसऱ्या आवृत्तीत चिलखत घालून मंत्र म्हणणाऱ्याचा मंत्र फसण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली होती. संपूर्ण पोलादी चिलखतात ती ३५ टक्के.

या इतिहासाकडे हळूहळू दूर होत गेलेल्या जाचक बंधनांचा इतिहास म्हणून पाहण्याची प्रथा आहे. आम्हांला ती मान्य नाही. बंधने गेली ती सर्वच जाचक नव्हती, आणि हे दाखवायला एकच मंत्र पुरेसा आहे.

‘ट्रू स्ट्राइक’ हे त्या मंत्राचे नाव. आपण त्याला ‘अचूक वार’ म्हणू. पुस्तके तीन, नाव एक, आणि पाठ तीन वेगळे. पाठभेद शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी या तीन पाठांकडे अवश्य पाहावे.

२००० सालच्या पाठात हा पहिल्या पातळीचा मंत्र आहे. दिवसाकाठी मिळणाऱ्या मोजक्या मंत्रांपैकी एक त्यावर खर्च होतो, आणि तो म्हणण्यात पाळी जाते. त्या बदल्यात पुढच्या एका वाराच्या फाशात २० मिळवायचे. समजा, पात्राला एका पाळीत एकच वार आहे आणि शत्रूला लागण्यासाठी फाशावर ११ किंवा अधिक यावे लागतात. दोन पाळ्यांत दोन साधे वार केले तर सरासरीने एक लागतो. मंत्र म्हणून केलेला एकमेव वार ९५ टक्के लागतो, कारण फाशावर १ आला तर तो चुकतोच. म्हणजे येथे मंत्राचा उपयोग नाही. पण शत्रू असा असेल की १८ च्या खाली काहीच लागत नाही, तर दोन साध्या वारांत सरासरीने एक-तृतीयांशही वार लागत नाही, आणि मंत्रानंतरचा वार मात्र तेच ९५ टक्के. शत्रू जितका दुर्धर्ष, तितका मंत्र मोलाचा. एक संपूर्ण पाळी तलवार खाली ठेवून उभे राहायचे की नाही, हा प्रश्न त्यामुळे दर वेळी नव्याने विचारावा लागतो.

आमच्या टेबलावर हा प्रश्न एकदा खरोखरच आला. समोर अभेद्य चिलखतातला शत्रू, शेजारी रक्तबंबाळ सोबती. आमच्यातील एकीच्या पात्राने त्या पाळीत वार केला नाही; मंत्र म्हटला. त्याच फेरीत सोबती पडला. पुढच्या पाळीतला वार बरोबर लागला आणि शत्रूही पडला. त्या मृत्यूची जबाबदारी कोणाची, यावर आम्ही त्या रात्री तासभर वाद घातला. शोकांतिकेवरील व्याख्यानानंतर इतका वाद आमच्या वर्गात कधी झालेला नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हाच मंत्र ‘कॅन्ट्रिप’ झाला, म्हणजे कितीही वेळा म्हणता येणारा. पाळी मात्र पूर्वीसारखीच खर्च होते, शिवाय एकाग्रता राखावी लागते. मोबदला एवढाच की पुढच्या पाळीत पहिल्या वारासाठी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. पुन्हा ११ चा हिशेब करा: मंत्रामागून केलेला वार ७५ टक्के लागतो, दोन साध्या वारांत सरासरीने एक लागतो. शत्रू कसाही असला तरी साध्या वारांच्या हिशेबात हा मंत्र कधीच पुढे जात नाही. या पाठाविषयी आम्हांला यत्किंचितही हळहळ नाही. येथे किंमत आहे, पण तिच्या मोबदल्यात काही नाही.

२०२४ च्या पाठाने हा दोष दूर केला, पण कसा? मंत्रातच वार घालून. आता मंत्र म्हणणे म्हणजेच हातातल्या शस्त्राने वार करणे; त्यासाठी अंगबळाऐवजी मंत्रविद्येतले कौशल्य वापरता येते आणि पाचव्या पातळीपासून जादा इजाही होते. त्याच पुस्तकात ‘एल्ड्रिच नाइट’ या योद्ध्याला सातव्या पातळीवर मुभा आहे की त्याने आपल्या वारांपैकी एकाच्या जागी कॅन्ट्रिप म्हणावा. एका वाराचा त्याग करायचा, पण ज्याच्यासाठी करायचा त्यात वार आहेच! हा त्याग नव्हे, कागदोपत्री फेरफार आहे. मंत्र आणि शस्त्र यांच्यामधला सांधाच येथे नाहीसा झाला आहे, आणि सांधा गेला की एकत्र आणण्याजोगे काही उरत नाही. उरतो तो किंचित अधिक चमकणारा वार.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की साहित्यातील वीर दोन्ही करतातच. टोल्कीनचा गॅन्डाल्फ तलवार बाळगतो, मूरकॉकचा एल्रिक मांत्रिक आणि खड्गधारी दोन्ही आहे. उदाहरण एल्रिकचे देणाऱ्यांनी एल्रिक नीट वाचलेला नाही. त्याच्या दुर्बळ देहाला बळ देणारी तलवार आत्मे पिते, आणि त्यांत त्याच्या जिवलगांचेही आत्मे असतात. ती किंमत काढून टाका आणि एल्रिकमध्ये काय उरते ते पाहा. आपल्याकडे तर शस्त्र आणि अस्त्र असे दोन शब्दच आहेत. हे सारे आमच्या पूर्वजांकडे होतेच, अशी बढाई आम्हांला मारायची नाही. त्या खेळाचा या परंपरेशी वंशसंबंध आम्ही सांगत नाही. पण महाभारत वाचलेल्याला एवढे तरी ठाऊक असते की कर्णाची वासवी शक्ती एकदाच वापरता येणारी होती, ती अर्जुनासाठी राखलेली होती, आणि घटोत्कचावर खर्च करावी लागली. ती दर पाळीला फुकट मिळाली असती, तर कर्णपर्वाची गरजच काय होती?

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. दिवसभर काम करून संध्याकाळी खेळायला बसलेल्या माणसाला हिशेबाचा जाच कशाला? आम्ही हा प्रश्न उडवून लावणार नाही. परंतु किंमत म्हणजे क्लिष्टता नव्हे. २०११ साली ‘पाथफाइंडर’ या खेळात आलेला ‘मेगस’ पाहा. एका हातात शस्त्र, दुसरा हात मंत्रासाठी रिकामा. दोन्ही एकाच पाळीत करायचे तर वाराच्या फाशातून २ वजा. दोन तलवारी चालवणाऱ्याच्या नियमावरच हा नियम बेतलेला आहे, फक्त डाव्या हातात तलवारीऐवजी मंत्र. नियम दोन ओळींत कळतो, आणि ढालीविना उघडा राहिलेला तो हात डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०२१ साली, मेगसच्या मंत्रवाराला पाळीतल्या तीनपैकी दोन कृती लागू लागल्या, आणि तो पुन्हा करण्यापूर्वी आणखी एक कृती खर्चून नव्याने सज्ज व्हावे लागते. येथे हिशेब अवघा तीनपर्यंतचा आहे.

खुद्द २०२४ च्या पुस्तकालाही हे एका ठिकाणी उमगले आहे. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा ‘डिव्हाइन स्माइट’ २०१४ मध्ये कोणतीही कृती न खर्चता, वार लागल्याचे पाहून, एकाच पाळीत पुनःपुन्हा वापरता येई. आता तो रीतसर मंत्र आहे; त्याला वेगळी कृती लागते, म्हणून पाळीत एकदाच, आणि मंत्र असल्यामुळे शत्रूचा प्रतिमंत्र त्याला तोडू शकतो. यावर नाराज झालेले खेळाडू आम्ही पाहिले आहेत. आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. आमची तक्रार एवढीच की जे शहाणपण धर्मयोद्ध्याच्या पानावर सुचले, ते त्याच पुस्तकात मंत्रयोद्ध्याच्या पानावर का सुचले नाही?

वृत्तभंग कोठे झाला हे ओळखायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, कारण तो अर्थाचा प्रश्न असतो. नियमपुस्तिकेतील एक वाक्य बदलले की टेबलावर कोणत्या प्रकारची माणसे संभवतात तेच बदलते. तेही तितक्याच काळजीने वाचण्याची सवय त्यांना लावायला हवी. आमच्या टेबलापुरता आम्ही निर्णय घेतला आहे: वाराच्या जागी म्हटलेल्या कॅन्ट्रिपमध्ये पुन्हा शस्त्राचा वार असता कामा नये. मंत्र हवा तर मंत्र म्हणावा, आणि त्या क्षणापुरती तलवार थांबवावी. आमचा हा नियम ज्यांना जुनाट वाटेल त्यांनी तो मोडून खेळून पाहावा, आणि महिन्याभराने आपल्या वीराने काय काय निवडले ते आठवून सांगावे.