किटलीतला पांढरा थर आणि अकरावीचा धडा



बंगळुरूत बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर घर चालवत असाल, तर बादलीवरचे पांढरे डाग आणि साबणाला न येणारा फेस तुमच्या ओळखीचाच असेल. २०२४च्या उन्हाळ्यात तर टँकरची वाट पाहणं हेच आपलं मोठं काम झालं होतं!

गेल्या रविवारी माझी अकरावीतली भाची घरी आली, ती रडकुंडीला येऊनच. "मावशी, रासायनिक बंधाच्या व्याख्या पाठ होतात गं, पण कळत काहीच नाही. मी सायन्स सोडते." मी इंग्रजीची बीए, मी काय शिकवणार? तेवढ्यात चहासाठी किटली उघडली आणि तळाशी खडूसारखा थर दिसला. मग तिचं पुस्तक उघडून आम्ही दोघी ओट्यापाशीच बसलो.

त्या एका किटलीत तिन्ही बंध सापडले.

पाणी: हायड्रोजन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, हा सहसंयुज बंध. पाणी उकळताना हा बंध तुटत नाही. फक्त रेणू एकमेकांपासून सुटतात, म्हणून १०० अंशांना वाफ होते.

स्टील: यात काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, हा धात्विक बंध. म्हणून धातूतून उष्णता आणि वीज सहज जाते.

पांढरा थर: हे कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो, कार्बोनेटकडे ते असतात आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना घट्ट धरतात, हा आयनिक बंध. मीठही आयनिकच, ते वितळायला ८०१ अंश लागतात. पण मीठ पाण्यात विरघळतं, हा थर जवळजवळ नाही. इथे प्रभार दुप्पट, त्यामुळे पकडही जास्त. म्हणून कितीही घासा, तो हटत नाही. त्यातून उष्णता नीट जात नाही, त्यामुळे पाणी तापायला वेळ लागतो आणि वीजही जास्त जाते.

उपाय सोपा आहे. किटलीचा प्लग काढा. थर बुडेल एवढं पाणी आणि दोन-तीन लिंबांचा रस घालून अर्धा तास ठेवा. बुडबुडे येतील. आम्ल कार्बोनेटशी क्रिया करतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम पाण्यात उतरतो. मग स्वच्छ धुवा.

एक मात्र लक्षात ठेवा. बाथरूमचे डाग काढताना व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही ब्लीचमध्ये मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. घरात लहान मुलं असतील तर दोन्ही बाटल्या उंचावर, वेगवेगळ्या ठेवा.

भाचीने बुडबुडे पाहिले आणि स्वतःच वही काढली. सायन्स सोडायचं सध्या तरी लांबलंय!

तुमच्या मुलांना कोणता धडा अवघड जातोय? एकदा पुस्तक घेऊन त्यांच्यासोबत स्वयंपाकघरात बसून बघा.