गाळ्यातली तालीम

थंडीचा हंगाम म्हणजे आपल्याकडे नृत्याच्या कार्यक्रमांचा हंगाम. समकालीन नृत्याच्या, बॅलेच्या तालमी पाहायला मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात गेले होते. खाली लेथ मशीन घरघरत होतं. वर दहा-बारा मुली भिंतीला ठोकलेला लोखंडी पाइप धरून टाचा उचलत होत्या. एकीच्या गुडघ्याला क्रेप बँडेज. जमीन काँक्रीटची, म्हणजे उडी मारून उतरलं की सगळा हिसका गुडघ्यात. बॅलेला खाली पोकळी ठेवलेली, किंचित दबणारी लाकडी जमीन लागते.

बॅले हा शब्द मुंबईला नवा नाही. शांती बर्धन यांनी 1952 साली तिथेच लिटल बॅले ट्रूप उभा केला. त्यांच्या ‘रामायणा’त नर्तक कठपुतळ्यांसारखे हलत. अलीकडे अमीरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा मुंबईत येहुदा माओर यांच्याकडे शिकून लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. वेल्डरची मुलं तर आमच्या किसननगरातही आहेत!

काँक्रीटवरून सुटका व्हावी म्हणून गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृहाचे रंगमंच मोकळ्या सकाळी गाळ्यातल्या या मुलींना परवडेल अशा भाड्यात तालमीसाठी मिळावेत, ही ठाणे महापालिकेला कळकळीची विनंती. आणि वाचकहो, प्रयोग लागला की पासाची वाट न बघता तिकीट काढा.