वक्तशीर कारभाऱ्याची निवड
लिनक्सच्या यंत्रावर पहाटे दोन वाजता दप्तराची नक्कल काढण्याचे काम कोणाच्या हवाली करावे, हा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा, पॉल व्हिक्सी यांनी १९८७ साली नव्याने रचलेल्या आणि ज्याची वहिवाट अद्याप मोडलेली नाही त्या ‘क्रॉन’चेच नाव प्रथम ओठांवर आले, कारण ‘० २ * * *’ अशा पाच रकान्यांत, म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार यांत, वेळेचा सगळा हुकूम मावतो. परंतु तेरा तारखेचा शुक्रवार सांगावा म्हणून तारीख व वार दोन्ही भरले, तर हा गृहस्थ दर तेरा तारखेस आणि शिवाय दर शुक्रवारीही हजर. आणि नेमक्या घटकेला यंत्रच बंद असेल, तर चुकलेल्या कामाची त्याला ना खंत ना खबर. रात्री बंद राहणाऱ्या माझ्या लॅपटॉपसाठी म्हणूनच ‘सिस्टमडी’चा टायमर पत्करला: एका ओळीच्या जागी दोन फाइली लिहाव्या लागतात (ही कागदी दगदग मला मुळीच रुचत नाही), पण त्यात ‘पर्सिस्टंट’ची तरतूद केली की सकाळी यंत्र सुरू होताच राहिलेली हजेरी तो निमूटपणे भरून काढतो. अहोरात्र जागणाऱ्या सर्व्हरवरील ती जुनी ओळ मात्र मी हलविलेली नाही.