मुंडकं राजाचं, धड पैलवानाचं

ऐतिहासिक विनोदी सिनेमा म्हटला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं नाक मुरडतात. एकांना त्यात इतिहासाची टिंगल दिसते, दुसऱ्यांना निव्वळ पोरखेळ. दोघांनाही चिंबुदेवन यांचा 2006 सालचा तमिळ सिनेमा 'इम्सै अरसन 23आम पुलिकेसी' सक्तीने दाखवायला हवा. (सबटायटल्ससकट. तरी अर्धी गंमत निसटतेच, पण असो.)

नाव चालुक्यांच्या घराण्यातलं, काळ अठराव्या शतकाचा, इंग्रज दारात. वडिवेलुने रंगवलेला हा राजा भित्रा, बढाईखोर, मठ्ठ आणि मामाच्या हातातलं बाहुलं. जातीजातींना मारामारी करायला हा मैदानच काढून देतो! त्याला स्वतःचं चित्र हवंय, पण देहाची बोंब. मग धड एका पैलवानाचं आणि वर मुंडकं महाराजांचं. पुढच्या पिढ्यांना हेच दिसणार ना!

इतिहासाची टिंगल म्हणे. अहो, ही टिंगल इतिहास रंगवून घेणाऱ्यांची आहे. खरा दुसरा पुलकेशी सातव्या शतकातला, बदामीचा. ऐहोळेच्या लेखात त्याच्या ताब्यातल्या तीन महाराष्ट्रकांचा आणि 99,000 गावांचा उल्लेख आहे, म्हणजे तो आपलाही राजा. पण तो लेख रचणारा रविकीर्ती त्याच्याच पदरचा! हर्षाला त्याने रोखलं हे ह्यूएनत्संगसारखा परका प्रवासीही सांगतो म्हणून जास्त पटतं. गावांचा आकडा वाचताना मला मात्र तो पैलवान आठवतो. यात पुलकेशीचा अपमान कुठे झाला?

आपल्याला मूर्ख राजा वर्ज्य नाही. 'विच्छा माझी पुरी करा'तल्या राजाला आपण पोट धरधरून हसलो. पण वगातल्या राजाला नाव-गाव-घराणं नसतं, म्हणून चालतं. नाव दिलं की लगेच भावना दुखावतात.

माझी तक्रार वेगळी आहे. पुढे शहाणा जुळा भाऊ गादीवर येतो आणि सगळं मार्गी लागायला लागतं. म्हणजे दोष एकाच डोक्याचा होता? मामाने चुणचुणीत पोर दूर करून मठ्ठ पोर मुद्दाम गादीसाठी ठेवलं होतं. दरबाराने वर्षानुवर्षं माना डोलावल्या. चित्रकाराने मुकाट धड जोडलं. मामाचं ठीक आहे, तो खलनायकच. पण या बाकीच्या मंडळींवर आणखी अर्धा तास खर्च करायला हवा होता, हवं तर दोन गाणी कापून.