'अ‍ॅब्स्कॉण्ड' कोणी म्हणावे?

विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांतून 'अ‍ॅब्स्कॉण्ड' हे क्रियापद 'पळाला' या अर्थी सर्रास योजिलेले आम्हांस दिसते. कुत्रा अंगावर आला म्हणून मुलगा धावत सुटला, तर त्या धावण्याला हा शब्द लागू पडत नाही. ज्या लॅटिन क्रियापदावरून तो आला, त्याचा अर्थच मुळी दडविणे. तिजोरीतील रक्कम घेऊन खजिनदार गुपचूप नाहीसा झाला, किंवा वॉरंट निघताच आरोपी घर सोडून दडला, की तेथे हा शब्द नेमका बसतो. आपला 'फरारी' हा त्याचा जवळचा सोयरा.

परंतु आमच्या मते हा शब्द जपून वापरावयाचा तो आणखी एका कारणासाठी. तो पकडू पाहणाऱ्याच्या तोंडचा आहे. १९४२ च्या आंदोलनात क्रांतिसिंह नाना पाटील व अच्युतराव पटवर्धन सरकारच्या लेखी फरारी होते. लोक त्यांस भूमिगत म्हणत. कृती एकच, नावे मात्र दोन! शिवाजी महाराज १६६६ साली आग्र्याहून निसटले, तेथे 'एस्केप' लिहावे. 'अ‍ॅब्स्कॉण्ड' लिहिणारा विद्यार्थी नकळत औरंगजेबाच्या दप्तरात कारकुनी करू लागतो.