वॅटांचा मोह सोडा

नाताळ जवळ येऊ लागला की आमच्या बुटीबोरीसारख्या लहान धर्मग्रामांत एक प्रश्न हमखास निघतो: गायनवृंदाच्या बास गिटारसाठी ॲम्प्लिफायर कोणता घ्यायचा? प्रश्न निघतो आणि पाच मिनिटांत त्याचे उत्तरही ठरून जाते. जो सर्वांत मोठा असेल, तो! १५ इंची स्पीकर, ३०० वॅट, आणि पुढच्या बाजूला दात्याच्या नावाची पाटी. या उत्तराला आमचा विरोध आहे. तो नोंदवण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नागपूरहून वर्धा मार्गाने सुमारे ३० किलोमीटरवर असलेली बुटीबोरी ही कारखान्यांची वस्ती. येथील उपासनेला विदर्भातली मराठी कुटुंबे येतात, तशीच रोजगारासाठी परप्रांतांतून आलेलीही येतात. गायनवृंदातली मुले पाळीत काम करणारी. कोणी रात्रपाळी उरकून येतो, कोणी दुपारपाळीला जाण्यापूर्वी येतो. आठवड्यातून एकदा, पत्र्याच्या छताच्या सभागृहात, जेमतेम दोन तास तालीम होते. त्या दोन तासांत काय ऐकू येते आणि काय येत नाही, यावर नाताळच्या मध्यरात्रीचे गायन अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न वरवर यंत्राचा दिसला, तरी तो आमच्या तुटपुंज्या वेळेचा, पैशाचा आणि एकमेकांचे ऐकण्याचा आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. एका वर्षी आम्ही हौसेने असाच एक अजस्र ॲम्प्लिफायर उसना आणला. तो उचलायला दोघे धट्टेकट्टे तरुण लागले. पहिलाच स्वर वाजला आणि छताचे पत्रे थरथरू लागले. गाणाऱ्या मुली आवाज चढवू लागल्या, त्यांना ऐकू यावे म्हणून कीबोर्ड वाढला, कीबोर्ड वाढला म्हणून ढोलक वाढला. अर्ध्या तासात दुसऱ्या बाकावरच्या आजी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या तालमीला आल्याही नाहीत. चाळीस वर्षे ज्यांनी गीतांचे शब्द तोंडपाठ जपले, त्यांना आम्ही एका खोक्यापायी गमावले. या गोष्टीची आम्हांला आजही लाज वाटते.

यावर उत्तर ठरलेले असते: "अहो, आवाज कमी करता येतोच की!" येतो, हे खरे. पण मग न वापरायच्या शक्तीसाठी पैसे मोजायचे कशाला? शिवाय जी वस्तू उचलवत नाही, ती हळूहळू कोठीत कुलूपबंद होते. बास वाजवणारा मुलगा ती घरी नेऊ शकत नाही. तो घरी नुसत्या तारा छेडत बसतो आणि त्याच्या बोटांतले दोष त्याला कधी ऐकूच येत नाहीत.

आता वॅटांचा हिशेब मांडू. पुष्कळांची समजूत अशी की ६० वॅटचा आवाज ३० वॅटच्या दुप्पट असतो. तसे नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो; कानाला तो 'थोडा मोठा' एवढाच वाटतो. कानाला दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे ३० वॅटच्या जागी ३०० वॅट आणून, सारे पैसे खर्चून, हाती येणार तो जेमतेम दुप्पट आवाज! त्यातच एकाच शक्तीवर एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा ३ डेसिबल अधिक आवाज देत असेल, तर तेवढ्यानेच दुप्पट वॅटांची भरपाई होते. स्पीकर आणि त्याचा खोका यांचा विचार न करता केवळ वॅट मोजणे म्हणजे पुस्तकाची किंमत त्याच्या वजनावर ठरवणे होय.

इतिहासाचीही साक्ष काढू. बासच्या ॲम्प्लिफायरांत ज्याचे नाव आदराने घेतले जाते, त्या अँपेग कंपनीने १९६० साली 'पोर्टाफ्लेक्स बी-१५' बाजारात आणला. त्याची शक्ती सुमारे २५ वॅट आणि स्पीकर एकच, १५ इंची. मोठमोठ्या स्टुडिओंत तो वर्षानुवर्षे वापरला गेला. याच कंपनीचा ३०० वॅटचा 'एसव्हीटी' आला तो १९६९ साली, हजारो श्रोत्यांच्या प्रचंड रंगमंचांसाठी. थोडक्यात, २५ वॅट खोलीसाठी आणि ३०० वॅट मैदानासाठी. आमचे सभागृह यांपैकी काय आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

मात्र याच्या उलट टोकालाही आमचा तितकाच विरोध आहे. काटकसरीच्या नावाखाली बास साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरला किंवा भाषणाच्या भोंग्याला जोडला जातो. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. इतका खोल स्वर पेलण्यासाठी गिटारचा स्पीकर घडवलेलाच नसतो. हळू वाजवले तर तो निभावून नेतो. जोर केला की त्याचा पडदा फाटण्याचा धोका असतो. आणि भोंग्यातून तर मूळ स्वर बाहेरच पडत नाही, नुसती खरखर येते. त्यातून शिकणाऱ्या मुलाला आपण स्वरात आहोत की नाही हे कळणार कसे? तेव्हा बासला बासचाच ॲम्प्लिफायर हवा, याविषयी आमच्या मनात शंका नाही. वाद आहे तो केवळ आकाराचा.

तर मग घ्यावे काय? ज्यात ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात असतात, त्याला 'कॉम्बो' म्हणतात. घरच्या सरावासाठी ८ इंची स्पीकरचा २० ते ३० वॅटचा कॉम्बो पुरे. कीबोर्ड, गिटार, ढोलक आणि गाणारे कंठ असलेल्या तालमीला १० किंवा १२ इंची स्पीकरचा ४० ते ५० वॅटचा कॉम्बो शोभतो. काठीने वाजवायचा पूर्ण ड्रमसेट असेल, तरच १०० वॅटांकडे वळावे. उदाहरणच द्यायचे तर फेंडरचा 'रंबल ४०' किंवा अँपेगचा 'रॉकेट बास ११०' या जातीचे, १० इंची स्पीकरचे कॉम्बो. त्यांपैकी पहिला जेमतेम ८ किलोंचा आहे. मोटारसायकलच्या मागे बसून कोणीही तो मांडीवर घेऊन येईल. कंपनी हीच हवी असा आमचा मुळीच आग्रह नाही, आग्रह आहे तो मापाचा.

खरेदीला नागपूरला जाल तेव्हा आपला बास बरोबर न्या आणि आपला वादकही न्या. दात्याने एकट्याने जाऊन आणू नये. दुकानदार आवाज चढवून दाखवील. तुम्ही तो उतरवायला सांगा. गुणगुणण्याइतक्या आवाजात जाड तार छेडली असता स्वर स्पष्ट येतो की नुसती घुमघुम येते, ते ऐका. हेडफोनची जागा आहे का, ते पाहा. कारण रात्रपाळीचा शेजारी दिवसा झोपलेला असतो. मुख्य ध्वनियंत्रणेला जोडण्यासाठी 'लाइन आउट' आहे का, तेही पाहा. आणि परतल्यावर सभागृहातल्या तीन पिनांच्या बोर्डाला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आणि बासच्या जाड तारेवरचा 'जी' स्वर ४९ कंपनांचा. अर्थिंग सदोष असेल, तर विजेची गुणगुण नेमकी त्या स्वराला येऊन भिडते आणि वादक बिचारा आपलेच बोट चुकले असे समजतो. ते काम मुळात सुरक्षिततेचेही आहे.

"पण चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचायला नको का?" हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर 'लाइन आउट' हेच. तेथून स्वर मुख्य ध्वनियंत्रणेकडे जातो आणि ती तो बाकांपर्यंत पोहोचवते. अर्थात तिचे स्पीकर तेवढ्या ताकदीचे हवेत. कॉम्बोचे काम वादकाला आणि गाणाऱ्यांना आधार देण्याचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, ५ मार्च १९६७ रोजी, पवित्र संगीताविषयी जी सूचना प्रसृत झाली, तिनेही हाच विवेक सांगितला आहे: वाद्यांनी कंठांना आधार द्यावा, परंतु शब्द कळेनासे होतील इतके त्यांना झाकून टाकू नये. गीताचे शब्द हीच जेथे प्रार्थना, तेथे शब्द बुडवणारे वाद्य कितीही महाग असले तरी ते प्रार्थनेच्या आड येते.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला संकोच वाटतो. कारखान्यांत ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आपल्याकडे मानली जाते. आमच्यातले कित्येक जण यंत्रांच्या घरघरीत दिवस काढून तालमीला येतात. त्यांचे कान आधीच थकलेले असतात. त्यांना आपण दोन तास पुन्हा तोच मारा द्यायचा का? येथे तरी त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू यावा, एवढी अपेक्षा अवाजवी आहे काय?

दात्यांचा अवमान करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या औदार्यावरच लहान धर्मग्राम उभे असतात. आमची त्यांना एकच विनंती आहे. मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी काढून ठेवलेल्या रकमेतून मध्यम आकाराचा एक चांगला कॉम्बो घ्यावा. जे उरेल त्यातून सभागृहाचे अर्थिंग दुरुस्त करावे, पत्र्याखाली आवाज शोषणारे छत घालावे, आणि तरीही काही शिल्लक राहिले तर एखाद्या गरीब मुलाला शिकण्यासाठी जुना का होईना, बास घेऊन द्यावा. यांपैकी कशावरही नावाची पाटी दिसणार नाही, हे आम्ही जाणतो.

आम्ही मात्र ठरवले आहे. यंदा जो ॲम्प्लिफायर येईल, तो विकत घेण्यापूर्वी त्याची एकच परीक्षा घ्यायची: तो वाजत असताना दुसऱ्या बाकावरच्या आजींचा आवाज ऐकू आला पाहिजे. त्यासाठी आधी त्यांच्या घरी जाऊन त्यांची क्षमा मागायची आहे.